उंबऱ्याची ओटी

पांघरुणं घेतलीत? पाय आत घ्या पाहू. हं, आता ऐका.

एक होती आत्या. राजाची गोष्ट नाही का, म्हणून विचारू नका. राजा आहे, राणी आहे, सगळे येतील आपापल्या वेळेला. पण आज आधी आत्या.

तिचं नाव सुरंगी. ती राजाची थोरली बहीण. लहानपणी तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना पायांतली ताकद घेऊन गेला. मग सुरंगी चालेना. पण भाऊ होता ना! तो तिला पाठुंगळी घ्यायचा आणि गडभर हिंडवायचा. गड म्हणजे उंच डोंगर, आणि वर जायला खडकात कोरलेल्या पायऱ्याच पायऱ्या. भावाच्या पाठीवर बसून सुरंगीनं तो सगळा गड पाहिला होता. तेव्हा दोघं लहान होती. तेव्हा त्यात खेळ होता, बरं का.

मग भाऊ राजा झाला. राजाच्या पाठीवर कोण बसणार? सगळ्यांनी विचार करून सांगितलं, ताईसाहेबांना वर फार अडचण होते, त्यांना खाली सोयीचं पडेल. मग गडाच्या पायथ्याशी, बागेत, एक छान घर बांधलं. दारात मोगरा, मागे विहीर. सुताराकडून एक बसकी चाकाची गाडी करून घेतली. सुरंगी त्या गाडीत बसायची आणि हातांनी चाकं फिरवत बागभर जायची. झाडांना पाणी घालायची, दुपटी शिवायची, पोरांची भांडणं सोडवायची. कुणाचं काही अडू द्यायची नाही.

पहिल्यांदा राजा रोज खाली यायचा. मग सणावारी यायला लागला. मग सणाचं नुसतं ताट यायला लागलं. चांदीचं ताट, वर रेशमी रुमाल, आत पुरणपोळी. पण इतक्या पायऱ्या उतरून येईपर्यंत पोळी गार व्हायची आणि तूप थिजून जायचं. सुरंगी ते गार ताट खायची आणि वर बघायची. वरून सनईचा आवाज यायचा. वर काय चाललंय, कोण आलंय, कोण हसलं, तिला काही कळायचं नाही. लोक म्हणायचे, "खालच्या ताई किती सुखात आहेत!" असेल बाबा. पण कुणी तिला विचारलं नव्हतं.

एके दिवशी नगारा वाजला. राजाला मुलगी झाली!

सुरंगीचा आनंद गगनात मावेना. राणीला दिवस गेल्याचं कळल्यापासूनच तिनं एक कुंची शिवायला घेतली होती. मऊसूत, लाल खणाची, कडेला जरीची बारीक पट्टी. आणि टाक्याटाक्याला तिनं एक नावही मनात धरून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. कारण त्या राज्यात रीतच होती. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. आपल्याकडेही सांगतेच की आत्या! ती पाळण्यात वाकते, कानाशी कुर्र करते, नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. तसंच तिथं. फक्त तिथला पाळणा दगडाचा होता. गडावर गडाई देवीचं अंगण, त्या अंगणात एकाच अखंड खडकात कोरलेला पाळणा. नाव बरोबर पडलं की तो दगडाचा पाळणा आपोआप हलायचा.

आणि त्या राज्यात नावाला वजन असायचं, बरं का. खरंखुरं वजन. नाव पडलं की माणूस जमिनीला धरून राहायचा.

बारशाची तयारी सुरू झाली. प्रधान वरून खाली आले. सुरंगी नवं लुगडं नेसून, कुंची मांडीवर घेऊन बसली होती.

प्रधान हात जोडून म्हणाले, "ताईसाहेब, महाराजांनी निरोप दिलाय. तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्हाला सगळं माफ आहे. राणीसाहेबांच्या मावसबहीण नाव ठेवतील. तुमच्यासाठी घुगऱ्या खाली पाठवतो."

सुरंगी म्हणाली, "अहो, पण आत्या मी आहे ना?"

"आहातच! कोण नाही म्हणतंय?" प्रधान म्हणाले, आणि चढून गेले.

वर थाटात बारसं झालं. मावसबहीण शालू नेसून आली. तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्या वाटल्या. मग एका म्हातारीनं विचारलं, "काय गं नाव ठेवलं?" तर मावसबहिणीला आठवेना! राणीला आठवेना. राजाला आठवेना. सगळ्यांनी ऐकलेलं, पण सगळ्यांच्या डोक्यातून पुसून गेलेलं. दगडाचा पाळणा तसाच गप्प. बाळानं रडायला तोंड उघडलं, गाल लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज फुटला नाही. राणीनं तिला उचललं आणि राणी दचकली. बाळ कापसासारखं हलकं झालं होतं.

मग रोज ते आणखी हलकं व्हायला लागलं. वैद्य आले, मात्रा झाल्या, उपयोग शून्य. शेवटी पुजारीबुवा म्हणाले, "महाराज, नाव पडलेलं नाही. नाव आत्याचं लागेल."

काय म्हणालास? मग बाळालाच खाली का नाही नेलं? अरे, पाळणा दगडाचा, डोंगराला धरून असलेला. तो कसा न्यायचा? थांब जरा, तिथल्या शहाण्यांनीही डोकं चालवलंच.

प्रधान परत खाली आले. हातात एक तांब्या. म्हणाले, "ताईसाहेब, नाव या तांब्यात सांगा. मी कणकेनं तोंड बंद करतो आणि वर नेतो. म्हणजे नाव तुमचंच झालं आणि तुम्हाला त्रासही नाही."

सुरंगी म्हणाली, "मीच येते ना! मला भाचीला बघायचंय हो. मी अजून तिला पाहिलंसुद्धा नाही."

"छे छे, तुम्ही कुठे येता त्या पायऱ्यांनी!"

बाळ हलकं होत चाललंय, हे सुरंगीनं ऐकलं होतं. ती हट्टाला पेटली नाही. तिनं तांब्यात तोंड घातलं आणि नाव सांगितलं. प्रधानांनी कणीक लावली आणि तांब्या वर नेला. बाळाच्या कानाशी धरून उघडला. तर काय? आतून नुसती वाऱ्याची झुळूक आली. आणि त्या झुळकीबरोबर बाळ पाळण्यातून वर उचललं गेलं! राजानं धावत जाऊन त्याच्या लंगोटाचं टोक पकडलं, म्हणून हाती लागलं. त्या दिवसापासून राणीनं आपल्या शेल्यानं बाळाला महालातल्या लाकडी पाळण्याशी बांधून ठेवलं. महालाची दारंखिडक्या बंद. बाळाजवळ कुणी शिंकायलासुद्धा घाबरायचं.

मग राजा ओरडला, "ताईला वर आणा! कसंही करून आणा!"

कसंही करून. तसंच आणलं, पोरांनो. आधी पालखी आली. ती पायऱ्यांच्या पहिल्याच वळणावर अडकली, ना पुढे जाई ना मागे. मग एका पैलवानाला बोलावलं. तो बिचारा चांगला होता, पण घाईत होता. त्यानं सुरंगीला उचललं आणि धान्याचं पोतं टाकावं तसं खांद्यावर टाकलं. तिचं डोकं खाली लोंबायला लागलं. केस सुटले, पदर घसरला. हातातली कुंची धुळीत पडली. ती म्हणत होती, "अरे थांब, माझी कुंची पडली." पण पैलवानाला धाप लागलेली, त्याला ऐकू कुठलं यायला! दोन्ही बाजूंना लोक उभे राहून बघत होते. कुणी म्हणत होतं, "बिचारी." कुणी म्हणत होतं, "सरका, ताईंना आणतायत." जशी काही ती माणूस नाही, सामान आहे.

तिला नेऊन अंगणातल्या दगडाच्या पाळण्यापुढे ठेवलं. ठेवलं म्हणजे ठेवलंच. सगळे म्हणाले, "हं, सांगा नाव."

सुरंगीनं बाळाकडे पाहिलं. किती गोड! नाक अगदी भावासारखं. ती वाकली. नाव तिला आठवत होतं. ओठांवर होतं. पण आवाजच फुटेना. ती आणि ते बाळ, दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींनाही आवाज नाही.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "मला खाली न्या."

आता राजा वाईट नव्हता, बरं का. पण वर बसून बसून त्याला खालचं दिसेनासं झालं होतं. त्या संध्याकाळी तो एकटाच पायऱ्या उतरला. वाटेत त्याला धुळीत पडलेली कुंची दिसली. त्यानं ती उचलली, झटकली आणि बहिणीच्या अंगणात जाऊन तिच्या गाडीजवळ जमिनीवर बसला.

"ताई," तो म्हणाला, "काय चुकलं गं? तुला उचलून आणलं, तरी नाव का नाही पडलं?"

सुरंगी कुंचीवरची धूळ पुसत म्हणाली, "भाऊराया, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत की मी येऊ नये. मग ठरवलंत की नुसता माझा आवाज यावा. मग ठरवलंत की मला उचलून न्यावं. पण 'ताई, तू कशी येशील,' असं मला एकानंही विचारलं नाही. तूसुद्धा नाही."

राजाची मान खाली गेली. मग त्यानं विचारलं, "ताई, तू कशी येशील?"

"माझ्या गाडीतून. माझ्या हातांनी. मला वाट दे. पायऱ्यांची नको. डोंगराला वळसे घालत हळूहळू चढणारी दे."

"पण त्याला वेळ लागेल. आणि बाळ..."

"म्हणून उद्या उजाडताच सुरू कर," सुरंगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज पक्का होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुदळी खणखणायला लागल्या. पाथरवट आले, बेलदार आले, गावकरी आले. सुरंगी गाडी घेऊन रोज पुढे असायची. जिथं तिच्या दंडाला रग लागायची तिथं चढ कमी करायचे. जिथं तिला दम लागायचा तिथं विसाव्याला सपाट जागा ठेवायचे. ते बघून एक आंधळा दोर वळणारा आला आणि म्हणाला, "कडेला दोर लावाल का? म्हणजे मलाही हाताला धरून जाता येईल." लावला दोर. मग गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या आल्या. लढाईत पाय गेलेला एक शिपाई आला. जुळी पोरं दोन्ही काखेत घेतलेली एक बाई आली. राजा चकित होऊन विचारायला लागला, "तुम्ही सगळे इतकी वर्षं गडावर का नाही आलात?" वरच्यांना वाटायचं, यांना यायचंच नसतं. आणि खालच्यांना वाटायचं, आपल्याला बोलावलेलंच नाही.

इकडे बाळ आता पाकळीएवढं हलकं झालं होतं. राणीनं शेला घट्ट बांधला, दुहेरी बांधला, तरी तिचा हात त्या गाठीवरून हलत नव्हता.

आणि एकदाची वाट झाली! बारशाचा दिवस पुन्हा धरला. सुरंगीनं लुगडं नेसलं, कुंची मांडीवर घेतली आणि चाकांना हात घातला. मागून सगळं गाव. पहिल्याच वळणावर तो पैलवान धावत आला आणि गाडी ढकलायला हात लावणार, तेवढ्यात थबकला. म्हणाला, "ताईसाहेब, ढकलू का?"

सुरंगी हसली. "आत्ता नको. दमले की सांगते."

आणि दमली तेव्हा तिनं सांगितलं, बरं का. "ढकल रे आता थोडी." त्यानं ढकलली. त्यात काय! माणूस माणसाला हात देतोच की. फक्त विचारून.

वर पोचली. अंगणात तोरणं, रांगोळ्या, सनई. सगळे पुढे पुढे आत गेले. आणि मागे आवाज आला, ठक्क!

सुरंगीची गाडी थांबली होती. समोर अंगणाच्या दाराचा उंबरा. काळ्या दगडाचा, गुडघ्याएवढा उंच. एवढा डोंगर कापला, एवढी वाट केली, आणि उंबरा कुणाच्या लक्षातच आला नाही! जे रोज ओलांडून जातात, त्यांना तो दिसत नसतो ना. राजानं कपाळावर हात मारला. पैलवान सवयीनं उचलायला वाकला, आणि ओशाळून मागे झाला.

राजा म्हणाला, "फोडा हा उंबरा!"

पुजारीबुवा आडवे आले. "महाराज, काहीही करा, पण याला घण लावू नका. गडाई याच उंबऱ्यावर बसते. तिची जागा मोडून बाळाचं नाव ठेवायचं?"

बोलाचाली सुरू झाली. आणि तेवढ्यात आतून राणीची किंकाळी आली. शेल्याची गाठ सुटली होती! बाळ पाळण्यातून वर उठलं, तोरणाच्याही वर गेलं. शेल्याचं एक टोक बाळाच्या कमरेला, दुसरं राणीच्या मुठीत. वारा सुटलेला. पतंग ओढ खातो तसा तो शेला ओढ खात होता आणि राणीच्या मुठीतून इंच इंच सरकत होता. खाली सगळे हात वर करून उभे. कुणाचा हात पोचेना.

सुरंगी उंबऱ्याबाहेर. तिला सगळं दिसत होतं. मध्ये एवढासा दगड.

ती मोठ्यानं म्हणाली, "बुवा, फोडू नका उंबरा. गडाई बाईच आहे ना? मग तिची ओटी भरा. मातीनं भरा!"

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग ती जुळ्यांची आई पुढे झाली. तिनं पदर पसरला, वाटेच्या कडेची माती पदरात भरली आणि उंबऱ्याशी ओतली. मग म्हाताऱ्या आल्या. मग नटूनथटून आलेल्या सरदारांच्या बायका आल्या. पैठण्यांच्या पदरातून माती, शालूंच्या पदरातून माती. उंबऱ्याच्या बाहेर माती, आतल्या बाजूला माती. पुरुषांनी चोपण्यांनी ती चोपली. पुजारीबुवांनी उपरणं काढलं आणि त्यातून तेही माती आणायला लागले. बघता बघता उंबरा मातीखाली निजला आणि त्याच्यावरून जायला उतार झाला. गडाई काही रागावली नाही. ती कशाला रागावेल? तिच्या दारात इतकी माणसं पूर्वी कधी आली होती?

सुरंगीनं चाकं फिरवली. चढली. ओलांडलं. उतरली. आत आली.

राजानं आणि राणीनं मिळून शेला खाली ओढला. बाळ पाळण्यात आलं, पण राहीना, सारखं वर उचललं जात होतं. सुरंगीनं गाडी पाळण्याला भिडवली. बाळाच्या डोक्यावर ती लाल कुंची घातली. ती वाकली आणि कानाशी म्हणाली, "कुर्र..."

दगडाचा पाळणा जरासा हलला. आणि थांबला.

सुरंगीनं मान वर करून पाहिलं. सगळ्या बायका तिच्यामागे उभ्या होत्या, हात जोडून, हळव्या तोंडानं. धपाटा कुणीच घालत नव्हतं. कुणाला भीती, ताईंना लागेल. कुणाला वाटे, त्यांना कसं मारायचं, बिचाऱ्या.

"अगं," सुरंगी म्हणाली, "बाकीच्या आत्यांच्या पाठीत धपाटे घालता ना? मग माझी पाठ काय काचेची आहे? घाला की! आणि जोरात घाला!"

राणी पुढे झाली. तिचे डोळे वाहत होते. तिनं हात उगारला आणि नणंदेच्या पाठीत दिला एक, धप्प! मग म्हाताऱ्यांनी दिला. मग जुळ्यांच्या आईनं दिला. मग सगळ्याच. धप्प, धप्प, धपाधप! सुरंगीच्या पाठीवर इतक्या वर्षांत एकसुद्धा धपाटा पडला नव्हता. ती हसत होती आणि रडत होती, आणि हसता हसताच तिनं भाचीच्या कानात नाव सांगितलं.

धरणी.

आणि पाळणा हलला! सबंध दगडाचा पाळणा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. राणीनं बाळाला उचलून सुरंगीच्या मांडीवर ठेवलं, तर सुरंगीची मांडी दबली. चांगलं भरीव, बाळाचं असतं तसं वजन. मग धरणीनं तोंड उघडलं आणि असं भोकाड पसरलं, असं भोकाड पसरलं, की ते पार पायथ्याच्या बागेपर्यंत ऐकू गेलं. इतकं छान रडणं त्या गडावर कुणी ऐकलं नव्हतं.

राजा बहिणीजवळ येऊन खाली बसला. तिनं त्याच्याही पाठीत एक धपाटा घातला.

तेव्हापासून खाली ताट गेलं नाही. सणाच्या दिवशी सुरंगी आपली आपण वर यायची आणि तव्यावरची गरम पोळी खायची, वर तूप ओघळणारं. कधी तिला खालीच बसायचं असलं तर खाली बसायची. तेही तिच्या मनानं. आणि कुणाच्याही घरी बारसं असलं की त्या राज्यातल्या बायका अजून आधी उंबऱ्याची ओटी भरतात. कोण येणार, ते माहीत नसलं तरी भरतात. मग नाव ठेवतात.

तिथं सगळी माणसं जमिनीला धरून आहेत, सुखात आहेत. तुम्हीही आता उशीला धरून राहा. चला, डोळे मिटा, कूस वळवा आणि पाठी इकडे करा पाहू. धपाटे नाही घालत रे. थोपटते हळूच.